लहान मापाच्या फिल्मवरची भुतं : फोंड्यातल्या एका पावसाळ्याच्या नोंदी

मे ते नोव्हेंबर २०२४. भयपटांच्या सुपर-८ (घरगुती वापराची ८ मिमी रुंदीची फिल्म) आणि १६ मिमी रुंदीच्या फिल्मवरच्या प्रिंट जमवायच्या, दुरुस्त करायच्या आणि घरी पडद्यावर दाखवायच्या, एवढंच काम ठरवलं होतं. नोंदी त्या त्या दिवशी वहीत लिहिल्या, इथे फक्त भाषा सरळ केली आहे. कुणी समुद्रकाठच्या हवेत राहून हा उद्योग करणार असेल, तर ११ जून आणि १८ ऑगस्टच्या नोंदी आधी वाचाव्यात आणि मगच पहिलं रीळ विकत घ्यावं.

१२ मे

हळदोण्यातल्या एका जुन्या घरी गेलो. घरधनी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, होते. सत्तरच्या दशकात बोटीवरून परतताना त्यांनी सुपर-८ चा प्रोजेक्टर आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतली रिळं आणली होती. ते आता नाहीत. त्यांच्या पत्नी कोकणीत म्हणाल्या, सगळं एकदम ने बाबा, कपाटाला वास मारतो. वास डांबराच्या गोळ्यांचा होता, म्हणून मी फार विचार केला नाही. १४ रिळं, प्रोजेक्टर आणि फिल्म छोट्या पडद्यावर बघायला हाताने फिरवायचा एक व्ह्यूअर, असं सगळं मिळून ९,००० रुपये दिले.

घरी येऊन खोकी ओसरीवर पसरली. तासाभराने डांबराच्या गोळ्यांचा वास उडाला आणि त्याच्याखालचा दुसरा वर आला. माडाच्या सुरेचं व्हिनेगर गोव्यात कुणाला ओळखीचं नाही? तोच आंबट वास, नाकात जाऊन टोचणारा. फिल्म सडायला लागली की हा वास येतो, आणि चार रिळांना तो स्पष्ट येत होता. यापुढे डबा मोकळ्या हवेत उघडून, थोडा वेळ थांबून, प्रत्येक रीळ वेगळं हुंगल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

१४ मे

रिळं वेगळी केली. ९ सुपर-८ आणि ५ जुन्या साध्या ८ मिमीची. दोन्हींची रुंदी सारखीच असल्यामुळे फसायला होतं. साधं ८ मिमी १९३२ चं, सुपर-८ १९६५ चं. साध्या ८ मिमीची भोकं मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतात. सुपर-८ ची बारीक आणि फ्रेमच्या बरोबर मध्यावर. स्पूलचं, म्हणजे फिल्म गुंडाळायच्या चकतीचं, मधलं भोकही सुपर-८ ला मोठं असतं. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. तरी घाईत एक साधं ८ मिमीचं रीळ सुपर-८ च्या प्रोजेक्टरमध्ये घातलं, कारण कुणीतरी ते मोठ्या भोकाच्या स्पूलवर गुंडाळून ठेवलं होतं. कर्रर्र आवाज झाला आणि मी बंद करेपर्यंत वीतभर फिल्मची भोकं फाटली. स्पूल बघून ठरवायचं नाही, फिल्म उजेडात धरून भोकं बघायची.

१४ पैकी ६ रिळं भयपटांची. चार कार्टूनची. उरलेली चार घरची: कुणाचा तरी बाप्तिस्मा, बंदरातली बोट, माडांखाली पळणारी मुलं. ती पुन्हा नीट गुंडाळून बाजूला ठेवली, परत करायला.

ज्याच्यासाठी मी खरं तर हा सगळा ढीग उचलला, त्या रिळाच्या खोक्यावर ‘डूम ऑफ ड्रॅक्युला’ असं नाव आहे. मला वाटलं १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चा संक्षेप, बेला लुगोसीचा. व्ह्यूअरवर फिरवलं तर चेहराच वेगळा. हा १९४४ च्या ‘हाउस ऑफ फ्रँकेनस्टाइन’मधून कापून काढलेला तुकडा आहे आणि यातला ड्रॅक्युला जॉन कॅराडाइन आहे. व्हिडिओ कॅसेट यायच्या आधी अमेरिकेत कॅसल फिल्म्स ही कंपनी युनिव्हर्सलच्या भयपटांचे असे छोटे संक्षेप नवी नावं देऊन घरगुती प्रोजेक्टरवाल्यांना विकत असे. ते ढिगाने विकले गेले, म्हणजे जगाच्या हिशोबात हे रीळ दुर्मीळ नाही. हळदोण्याच्या कपाटात ते पन्नासेक वर्षं राहिलं, हे मात्र मला मोलाचं वाटतं. शिवाय ते कृष्णधवल आहे, स्वच्छ आहे आणि त्याला आंबट वास नाही.

२ जून

सिंधुदुर्गातल्या बांद्याला गेलो. तिथले अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. तरुणपणी टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते आणि तंबू बंद झाल्यावर जत्रांतून, शाळांतून १६ मिमीचे खेळ करायचे. त्यांच्या माळ्यावर ‘बीस साल बाद’ची १६ मिमी प्रिंट आहे असं कळलं होतं. १९६२ चा चित्रपट, बिरेन नागचं दिग्दर्शन, संगीत आणि निर्मिती हेमंतकुमारांची, वहीदा रहमान आणि बिश्वजीत. तो आज कुणालाही मोबाईलवर बघता येतो. पण त्यातली दलदल, धुकं, रात्रीचा वाडा हे सगळं दिव्याचा उजेड खऱ्या चांदीच्या कणांतून जाऊन पडद्यावर पडतं तेव्हा काय होतं, ते बघायला प्रिंटच लागते.

चार लोखंडी डबे निघाले. तीन जरा गंजलेले. चौथ्याचं झाकण गंजून घट्ट बसलेलं होतं, ते पान्हा लावून उघडलं तसा डोळ्यांत पाणी आणणारा वास. अण्णा म्हणाले, “तो डबा मी वीस वर्षांत उघडला नाही रे.” तरी चारही घेतले. १८,००० रुपये. निघताना त्यांनी कापराची पुडी दिली. “डब्यात टाक. फिल्म कडक झाली की आम्ही हेच करायचो.”

११ जून

पाऊस लागला. घरातला आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवतो. (असे दोन घेतले, १,१०० रुपये. एकावर विसंबू नये, माझ्या दोघांत ५ टक्क्यांचा फरक आहे.)

सगळ्या फिल्म लाकडी कपाटात एकत्र ठेवल्या आणि आईच्या साड्यांच्या कपाटात पावसाळ्यात लावतात तसा ४० वॅटचा बल्ब खाली लावला. आर्द्रता ६२ वर आली. बरं वाटलं.

(ही नोंद जशीच्या तशी ठेवतो आहे. यात तीन चुका आहेत आणि सगळ्या पावसाळ्याचं नुकसान याच चार ओळींत झालं. बल्बने आर्द्रता उतरली, पण कपाटातलं तापमान ३७ अंशांवर गेलं. अ‍ॅसिटेटच्या फिल्मला, म्हणजे त्या प्लॅस्टिकवर काढलेल्या फिल्मला, ओल आणि उष्णता दोन्ही मारतात. आणि वास येणाऱ्या फिल्म मी चांगल्या फिल्मच्या शेजारी, बंद दाराआड ठेवल्या.)

२४ जून

‘डूम ऑफ ड्रॅक्युला’च्या सुरुवातीच्या काही फुटांवर पांढरी बुरशी दिसली. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून मऊ फडक्याने पुसली. फडकं करडं झालं. बुरशी निघाली म्हणून आनंद झाला, आणि भिंगाखाली पाहिलं तर शीर्षकाच्या सात-आठ फ्रेममधलं चित्रही फडक्याबरोबर निघालं होतं.

कारण असं. चित्र जिलेटिनच्या थरात असतं. बुरशी तेच जिलेटिन खाते आणि मग ते पाण्यात विरघळायला लागतं. दुकानातलं स्पिरिट ७० टक्क्यांचं होतं, म्हणजे बाकीचं पाणी. मी चित्रावर पाणी फिरवलं. आता इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं आहे. पद्धतही बदलली: आधी एक-दोन दिवस फिल्म कोरड्या जागी ठेवून बुरशी वाळू द्यायची, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने अंगणात झटकायची, शेवटी ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलने एकदाच, न घासता पुसायची. गेलेल्या फ्रेम गेल्या. फडकं मी टाकून दिलं नाही.

६ जुलै

१६ मिमीचा प्रोजेक्टर मिळाला. एका लिलावात निघालेला, अमेरिकेत बनलेला, ११० व्होल्टचा. ११,००० रुपये, वर २,८०० चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. जास्तीचा दिवा आणि साउंडचा एक्सायटर लॅम्प मिळून ३,२००. एक्सायटर लॅम्प म्हणजे ४ व्होल्टचा चिमुकला दिवा. त्याचा उजेड फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीतून जातो आणि आवाज होतो. तो गेला की चित्रपट मुका, म्हणून दोन घेऊन ठेवले.

पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. खरवडून काढायला एक दुपार गेली.

१३ जुलै

कार्यालयीन कामासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा चोरबाजारात डोकावलो. एकाने रामसे बंधूंच्या ‘दो गज ज़मीन के नीचे’चं, १९७२ च्या, एक १६ मिमी रीळ दाखवलं. अनेक दिवस शोधत होतो ते. उजेडात धरलं तर सगळं गुलाबी. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग सगळ्यात आधी उडतो आणि मागे गुलाबी उरतो. तो परत आणायचा उपाय नाही. एकच रीळ, रंग उडालेलं, किंमत पाच हजार. घेतलं नाही, आणि परतीच्या गाडीत रत्नागिरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. कृष्णधवल प्रिंटला हे भय नाही, म्हणून मी आधी जुन्या कृष्णधवल प्रिंटच शोधायचं ठरवलं.

२१ जुलै

‘बीस साल बाद’चं पहिलं स्पूल चढवलं. चित्र सुंदर. आवाज मात्र जड, सगळी पात्रं आजारी असल्यासारखी बोलतात. आधी अ‍ॅम्प्लिफायरवर संशय घेतला. कंडेन्सर बदलले. मग एक्सायटर लॅम्प बदलला. मग ट्रान्सफॉर्मर तपासून घेतला. आवाज तसाच.

४ ऑगस्ट

उत्तर मिळालं, तेही मोजल्यावर. कोऱ्या लीडरवर (फिल्मच्या सुरुवातीला जोडायच्या रिकाम्या पट्टीवर) ४८० फ्रेम अंतराने दोन खुणा केल्या आणि मोबाईलवर वेळ लावली. २४ फ्रेमच्या वेगाने २० सेकंद लागायला हवेत. लागले २४. म्हणजे सेकंदाला २० फ्रेम. प्रोजेक्टरची मोटर अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी आहे, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ५० भागिले ६० गुणिले २४, बरोबर २०. पहिल्याच दिवशी मोजलं असतं तर दोन आठवडे आणि चार कंडेन्सर वाचले असते.

उपाय: मोटरवरची पुली १.२ पट मोठी करायची. मूळ पुलीचा व्यास २५ मिमी भरला, म्हणून ३० मिमीची हवी.

९ ऑगस्ट

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची पुली करून घेतली. ६५० रुपये. त्याने विचारलं, कशाला? सांगितल्यावर त्याने काम थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि पुलीची खोबण दोनदा पॉलिश करून दिली. पट्टा तिथल्याच पंपाच्या सामानाच्या दुकानातली रबरी रिंग. घरी बसवलं. ४८० फ्रेमला २० सेकंद. वहीदा रहमान पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलली.

१८ ऑगस्ट

परदेशातून मागवलेल्या ए-डी पट्ट्या आल्या, टपालासह ६,५००. कागदाची छोटी पट्टी असते. फिल्मच्या डब्यात चोवीस तास ठेवायची. निळी राहिली तर फिल्म ठीक, हिरवी झाली तर आम्ल सुटायला लागलंय, पिवळी झाली तर फार पुढे गेलं.

निकाल लिहितो. ‘बीस साल बाद’ पहिलं आणि दुसरं स्पूल: निळं. तिसरं: निळ्याकडून हिरव्याकडे. चौथं: पिवळं. हळदोण्याची वासाची चार रिळं: पिवळी. ‘डूम ऑफ ड्रॅक्युला’: हिरवट झाक.

तिसऱ्या स्पूलला जूनमध्ये कसलाही वास नव्हता. तो डबा कपाटात चौथ्या स्पूलच्या लगोलग खाली होता, बल्बच्या सगळ्यात जवळ. हे आम्ल वाफेसारखं सुटतं, शेजारच्या फिल्ममध्ये मुरतं आणि तिथेही तीच क्रिया सुरू करून देतं. एकदा ठरावीक पातळी ओलांडली की स्वतःच्याच आम्लाने वेग वाढत जातो. परत मागे येत नाही, फक्त मंदावता येतं. दहा आठवडे मी एक चांगलं स्पूल आजाऱ्याच्या खोलीत ठेवलं होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

२० ऑगस्ट

फेरमांडणी. पिवळी पाच घराबाहेर, मागल्या पडवीतल्या जाळीच्या कपाटात, छपराच्या सावलीत. त्यांना बंद पिशवीत घालायचं नाही. मी मेमध्ये दोन रिळं झिप असलेल्या पिशवीत ठेवली होती, त्यांचीच अवस्था सगळ्यात वाईट, कारण आम्ल आतल्या आत कोंडलं. लोखंडी डबे सगळे काढले. गंजही या क्रियेला हातभार लावतो. पॉलिप्रॉपिलिनचे चपटे डबे आणून बाजूला भोकं पाडली.

चांगल्या फिल्मसाठी कॅमेरेवाले वापरतात तसं विजेवरचं ड्राय कॅबिनेट घेतलं, १६,५००. मागवण्याआधी आतली रुंदी मोजा. १६०० फुटांचं स्पूल साधारण ३५ सेंटीमीटर व्यासाचं असतं आणि बरीच कॅबिनेटं त्याहून अरुंद असतात. आर्द्रता ४५ टक्क्यांवर ठेवली. एकदम खाली आणली तर फिल्म वाकते. वीज गेली तरी दार न उघडल्यास दिवसभरात दोन-तीन टक्केच चढते, हे दोनदा पाहिलं. पावसाळ्यात फोंड्यात वीज जाणारच, तेव्हा हे महत्त्वाचं.

अण्णांचा कापूर चौथ्या स्पूलमध्ये आठवडाभर ठेवून पाहिला. फिल्म थोडी मऊ झाल्यासारखी वाटली. पण कापराच्या वासात व्हिनेगर झाकलं गेलं आणि आजार कुठवर आला ते नाकाला कळेना. काढून टाकला. डांबराच्या गोळ्यांनी एकदा फसवलं होतंच.

२२ सप्टेंबर

चतुर्थीत दोन आठवडे काहीच केलं नाही. आज आकसलेली फिल्म मोजली. यंत्र लागत नाही. १६ मिमीच्या नव्या प्रिंटमध्ये दोन भोकांतलं अंतर ७.६२ मिमी असतं, म्हणजे १०० भोकांचं ७६२ मिमी. मीटरभर स्टीलची पट्टी, टेबल आणि शांतपणा पुरतो.

पहिलं स्पूल ७५८. दुसरं ७५८. तिसरं ७५७. चौथं ७५४, म्हणजे एक टक्क्याहून थोडं जास्त आकसलेलं. एक टक्क्याच्या पुढे प्रोजेक्टरचे दात भोकांत नीट बसत नाहीत आणि फिल्म फाटत जाते. चौथं स्पूल चालवायचं नाही असं ठरलं. आणि चौथ्या स्पूलमध्येच गोष्टीचा उलगडा आहे.

५ ऑक्टोबर

जुने जॉइंट तपासत दुसऱ्या स्पूलपर्यंत आलो. एकूण ३१ जॉइंट निघाले. त्यांतले ११ घरगुती चिकटपट्टीचे, ज्यांचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्यांना लागला होता. ते सोडवून फिल्मच्या पट्टीने पुन्हा जोडले. एका जॉइंटला साधारण वीस मिनिटं.

मग चालवून बघताना एका जागी थांबलो. प्रसंग संपतो, जॉइंट जातो, दुसराच प्रसंग सुरू होतो, आणि त्या नव्या चित्रावर सेकंदभर एक ओढलेला सूर ऐकू येतो. शब्द फुटायच्या आधीच तुटलेला. मागे नेऊन सात-आठ वेळा ऐकला. मग लक्षात आलं की इथे ‘कहीं दीप जले कहीं दिल’ असायला हवं होतं. याच गाण्यासाठी लताबाईंना फिल्मफेअर मिळालं. माझ्या प्रिंटमधून ते सबंध कापलेलं आहे.

मग हा सूर कुठून? १६ मिमीवर आवाज चित्राच्या शेजारी नसतो. प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी गेटमधून जाते, तिथे चित्र पडतं, आणि पुढे २६ फ्रेमवर ध्वनी वाचला जातो. म्हणून प्रत्येक चित्राचा आवाज फिल्मवर २६ फ्रेम आधी छापलेला असतो. ज्याने गाणं कापलं त्याने चित्र बघून कापलं. गाण्याचं चित्र सुरू होतं तिथे कात्री लावली. पण गाण्याचा पहिला २६ फ्रेमचा आवाज त्याच्या मागच्या प्रसंगाच्या कडेला छापलेला होता, तो राहून गेला. २६ फ्रेम म्हणजे सेकंदाहून किंचित जास्त.

चाळीस-पन्नास भयपट पाहिले असतील मी, पण राजांगणात, घराच्या मधल्या चौकात, एकटा बसलेला असताना त्या सुराने अंगावर जसा काटा आला तसा कशानेच आला नव्हता.

१३ ऑक्टोबर

बांदा. अण्णांना विचारलं, गाणं कुणी कापलं? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मीच.” जत्रेत खेळ लावला की या गाण्याला वन्स मोअर यायचा. तेवढं रीळ मागे घेऊन पुन्हा लावायचं, पुन्हा वन्स मोअर. एका रात्री तीन-तीनदा, दर खेळाला. इतकी वर्षं तेवढेच फूट घासून, ओढून, भोकं चिरली. शेवटी गेटमध्ये अडकून फिल्म करपायला लागली, तेव्हा त्यांनी तो भाग काढला. “बाकी पिक्चर अजून वीस वर्षं चाललं असतं. लोकांना गाणंच हवं होतं.”

काढलेला तुकडा? पोरांनी नेला. तेव्हा पोरं बल्बमध्ये पाणी भरून, आरशाने ऊन पाडून भिंतीवर चित्रं बघायची. काही फ्रेम कुणाच्या तरी ट्रंकेत असतील, नसतीलही.

मी त्यांना सेकंदभराच्या सुराबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “ते ठाऊक होतं. तो मुद्दाम नाही काढला.”

३० ऑक्टोबर

खेळ ठेवला होता, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री. मोठी चूक. वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे, प्रत्येकापाशी भिंतीएवढे स्पीकर. १६ मिमीच्या प्रोजेक्टरच्या आवाजाचा टिकाव लागेना. पहिल्या दहा मिनिटांतच बंद केलं. लोकांना फराळ देऊन घरी पाठवलं. गोव्यात भुताचा सिनेमा दाखवायला ही रात्र योग्य वाटते, पण निदान फोंड्यात तरी ती वगळा.

१६ नोव्हेंबर

त्रिपुरारी पौर्णिमा झाली, हवा कोरडी झाली. राजांगणात इस्त्री केलेली पांढरी चादर ताणून बांधली. ५० मिमीच्या लेन्सने ६ मीटरवरून जेमतेम ११५ सेंटीमीटर रुंद चित्र पडतं, त्यामुळे बावीस माणसांना दाटीने बसावं लागलं. घरचा खेळ, तिकीट नाही. सार्वजनिक खेळ करायचा तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते. प्रिंट विकत घेतली म्हणजे तो हक्क मिळत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

आधी ‘डूम ऑफ ड्रॅक्युला’, नंतर ‘बीस साल बाद’ची तीन स्पूलं. तिसऱ्या स्पूलवर एक जॉइंट सुटला, चार मिनिटं अंधार. लूप, म्हणजे प्रोजेक्टरमध्ये फिल्मला द्यायचा सैल वेढा, पुन्हा घालताना आकार चुकला आणि ओठ आणि आवाज जुळेनात, म्हणून परत थांबून घातला. दुसऱ्या स्पूलमधला तो सूर आला तेव्हा माझी मामी पुढच्या ओळीतून एकदम म्हणाली, “अगं, गाणं!” आणि तेवढ्यात तो गेलाही.

तिसरं स्पूल संपल्यावर अण्णा खुर्चीवरून उठले. चौथ्या स्पूलची गोष्ट त्यांनी उभ्याने सांगितली, पंचवीस मिनिटं, कुठे कॅमेरा कुणाच्या पायांवर जातो, कुठे दिवा विझतो, सगळ्यासकट. मुलं आईला चिकटून बसली होती. प्रोजेक्टरचा पंखा चालूच ठेवला होता, दिवा थंड व्हायला.

२४ नोव्हेंबर

घरच्या चार रिळांपैकी दोन पडवीत होती. ती चारही व्ह्यूअरवर फ्रेमफ्रेम फिरवून मोबाईलने टिपली आणि चित्रांसकट हळदोण्याला परत दिली. बाप्तिस्मा त्यांच्याच थोरल्या मुलाचा होता.

खर्च: फिल्म २७,०००. प्रोजेक्टर, ट्रान्सफॉर्मर, दिवे, पुली १७,६५०. पट्ट्या ६,५००. कॅबिनेट १६,५००. आर्द्रतामापक १,१००. आयसोप्रोपिल, हातमोजे, जॉइंटची पट्टी, डबे २,४००. एकूण ७१,१५०, पेट्रोल सोडून. पुन्हा करायचं झालं तर कॅबिनेट आणि पट्ट्या आधी, फिल्म नंतर.

तिसऱ्या स्पूलची आजची पट्टी: ऑगस्टमध्ये होती त्याच रंगाची. पुढची फेब्रुवारीत. चौथं पडवीत आहे, मुंबईत आकसलेली फिल्म दात न लावता स्कॅन करणारं कुणी मिळतं का ते बघतो आहे. दुसऱ्या स्पूलमधला तो जॉइंट मी बदललेला नाही. गाणं दुसरीकडून आणून तिथे घालायचं नाही, आणि २६ फ्रेमना हात लावायचा नाही. डब्यावर तशी चिठ्ठी लावली आहे, पुढे ही प्रिंट कुणाच्या हाती गेली तर त्यांना कळावं म्हणून.